भाऊ म्हणू की बाऊ?

प्रिय भाऊ,

परवा देवूचं जावळ काढायचं ठरलंय. मी फार घाबरलीय, म्हणून तुला लिहायला बसले. तोंडाने बोलले असते, पण सासूबाई ऐकतात. त्या दिवशी बोलल्या, "भिंतीशी काय बोलतेस गं? तुझं पाहूनच पोराला लागतंय सगळं." मग कागद घेतला. सातवीनंतर मी एवढं मोठं काही लिहिलेलं नाही. चुकेल. हसू नको.

तू असतास तर घाबरायचं कामच नव्हतं. मामाच्या मांडीवर भाचा बसवायचा, न्हाव्याने वस्तरा फिरवायचा, आत्याने केस झेलायचे, झालं! किती सोपं असतं लोकांचं. माझ्या देवूला मामा एकच, आणि तोही तू!

तुला आठवतं का, देवू झाला तेव्हा तू दवाखान्यात काय बोलला होतास? बॅग खांद्यावरच होती तुझी, प्रॅक्टिसवरून सरळ आला होतास. त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि बोललास, "बाप रे, केस तर बघ गोलीचे! माझ्यासारखा गोल अडवणार हा. याचं जावळ माझ्याच मांडीवर. मी बर्फावरून येईपर्यंत थांबायचं. दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसवलं तर बघ हां, उज्जे!"

बोट नाचवून बोललास. आम्ही सगळे हसलो. माय तर बोलली, "जा बाबा, आधी अंघोळ कर."

आता रोज तेच ऐकू येतं मला. तर बघ. तर बघ म्हणजे काय रे भाऊ? काय बघायचं? ते तू सांगितलंच नाहीस!

तू गेलास त्या वर्षी जावळ राहिलं. घरात दुःख होतं, कोण करणार? मग तिसरं वर्ष लागलं. देवूचे केस खांद्याला आले. इथे सुरतेत भेस्तानच्या बाजारात बायका विचारतात, "बेबीचं नाव काय?" सासूबाईंना ते आवडत नाही. शेवटी नंदुरबारच्या काकांच्या सुनीलला बोलावलं. तोही भाऊच लागतो माझा, चुलत. पाटावर बसला बिचारा, देवूला मांडीवर घेतला. न्हाव्याने पाणी लावलं, वस्तरा उघडला, आणि देवूचे डोळेच फिरले, भाऊ! अंग ताठ. तोंडाला फेस. मी ओरडले की नाही तेही मला आठवत नाही. डॉक्टर बोलले, ताप डोक्यात गेला, मुलांना येते अशी आकडी, घाबरू नका. पण सकाळी तर अंग थंड होतं त्याचं. मी स्वतः हात लावून पाहिला होता.

सुनील तसाच उठून गेला. चहासुद्धा घेतला नाही. जाताना जिन्यात हळूच बोलला, "ताई, त्याला चालत नाही."

त्याला म्हणजे तुला. असं सगळे बोलतात आता. तुला चालत नाही, तू अडवतोस. तुला कसं वाटतं हे ऐकून? मला तर आधी राग यायचा. आता भीती वाटते. कारण मी पाहिलंय.

देवू दारात उभा राहतो. उंबऱ्यावर मधोमध. पाय फाकवून, गुडघे वाकवून, एक हात खाली आणि एक हात बाजूला उघडा. गल्लीकडे तोंड करून असा उभा राहतो आणि हसतो. समोर कुणी नसतं. तो उभा राहतो तसं कोण उभं राहायचं, तुला सांगायला पाहिजे का? त्याला कुणी शिकवलं? तू गेलास तेव्हा तो रांगत होता.

आणि बोट दाखवून बोलतो, "बाऊ."

त्याला भाऊ बोलायचं असतं की बाऊ, मला कळत नाही. भाऊ असेल तर तू उभा आहेस तिथे. बाऊ असेल तर दुसरंच काहीतरी. मी धावत जाते, त्याला उचलून आत आणते, कडी लावते. तो रडतो. दाराकडे हात करून रडतो.

मागच्या लूम खात्याची लाईट जाते त्या दुपारी तर मी घरात बसतच नाही. कापड विणायची मशीन चालू असली की बरं असतं, खटाखट खटाखट, काही ऐकू येत नाही. बंद पडली की गल्ली अशी चूप होते की मला चाकांचा आवाज येतो. डांबरावर चाकं घासल्याचा, लांबून जवळ येणारा. मी देवूला काखेत मारते आणि शेजारच्या हंसाबेनच्या ओटल्यावर जाऊन साडीला टिक्या लावत बसते. ती विचारते, "शुं थयुं?" मी बोलते, काही नाही, गरम होतं.

तुला ते दिवस आठवतात का रे, डिंडोलीला आपल्या सोसायटीत नवीन सिमेंटचा रोड झाला होता ते? सगळी पोरं क्रिकेट खेळायची. तू कुठून तरी जुने चाकांचे बूट आणलेस आणि खात्यातून सुटल्यावर हाकी खेळायला लागलास. त्यातही गोल मारायचा नाही, अडवायचा! जुन्या सोफ्याचा फोम कापलास, साडीच्या पार्सलचं जाड कापड त्याला शिवून घेतलंस माझ्याकडून आणि पायाला बांधलंस. माय डोक्याला हात लावायची. "लोक गोल कराले जातस, हाऊ मार खावाले जास!"

मग ते स्केटिंगवाले सर भेटले, मग मोठ्या शहरातली बर्फाची रिंक, मग डोंगरातला कॅम्प. आम्हाला काय कळत होतं? बाबा खात्यात सांगायचे, "पोरगा इंडियाकडून खेळणार." लोक विचारायचे, "क्रिकेट?" "नाही, हाकी." "अच्छा, हाकी!" "नाही, ती नाही. बर्फावरची." मग समोरचा माणूस बाबांकडे असा बघायचा की माणसाला चढलीय वाटतं. सुरतेत बर्फ म्हणजे गोळा, नाहीतर मच्छीच्या पेटीतला!

आणि तो शर्ट! टीमचे सगळे शर्ट तूच सुरतेत छापून घेतलेस, आपल्या गल्लीतल्या पिंटूच्या कारखान्यात. सगळ्यांची आडनावं बरोबर छापली त्याने. तुझ्या पाठीवर इंग्रजीत लिहिलं, भाऊ. तू भांडायला गेलास तर तो बोलला, "भाऊला गल्लीत सगळे भाऊच बोलतात. तुझं दुसरं नाव मला काय माहीत?" परत छापायला वेळ नव्हता. तू तोच घालून घरी आलास आणि मायला पाठ दाखवलीस. किती हसलो आपण! तू बोललास, "जगात पहिल्यांदा कुणाच्या पाठीवर भाऊ लिहून टीम खेळणार आहे."

खेळला तो शर्ट. तू नाही खेळलास.

एवढ्या उंचावर विमानाने एकदम गेलास. तिथे पोचल्यावर दोन दिवस पडून राहायचं असतं, सरांनी सांगितलं होतं, सगळ्यांनी सांगितलं होतं. तुला फोनवर मी पण विचारलं, दम का लागतोय रे बोलताना? तू बोललास, "थंडी आहे गं, येडी." दुसऱ्याच दिवशी बूट बांधून तलावावर गेलास. काय घाई होती? बर्फ कुठे पळून जात होता का? छातीत पाणी झालं, डॉक्टर बोलले. खाली आणायला विमान सकाळी निघणार होतं. तू सकाळपर्यंत थांबला नाहीस.

मी तुला रागावले नाही अजून. रडले खूप, पण रागावले नाही. आज रागावते. नालायक! सुरतेचा माणूस तू, उन्हात वाढलेला. ऐकायचं होतंस ना!

महिन्याने टीम परदेशात गेली, त्या मोठ्या स्पर्धेला. आम्हाला वाटलं, आता आपलं काय त्यात? पण सरांनी बाबांच्या फोनवर लिंक पाठवली. मी देवूला घेऊन माहेरी डिंडोलीलाच होते. बाबा, माय, मी, आणि शेजारचे दोन-चार जण. फोन डब्याला टेकवून ठेवला. पहिल्या दोन मॅच हरले आपले लोक, वाईट हरले. मला तर ती काळी चकती दिसतच नव्हती. दोघं एकमेकांवर आदळायचे, एवढंच दिसायचं. माय दाराशी गहू निवडत होती, बघतही नव्हती.

तिसऱ्या मॅचला गोलमध्ये उभा होता त्याची पाठ दिसली. भाऊ!

तोंडाला जाळीची टोपी. पायाला ते मोठे मोठे पॅड. पाय फाकवून, गुडघे वाकवून, एक हात उघडा. आणि पाठीवर, भाऊ. मॅच सांगणारा परदेशी माणूस होता. त्याच्या तोंडात आपलं नाव बसत नव्हतं. प्रत्येक वेळी चकती अडवली की तो ओरडायचा, "बाऊ! बाऊ!"

मायने सूप टाकलं. गहू घरभर. "मना आंडोर शे तो, मना पोऱ्या! दखा ना, उभा शे!" बाबा बोलले, "अगं, दुसरा कुणीतरी आहे तो." तर ती बाबांच्या अंगावर धावली. "तुले काय समजस? मी जनेल शे त्याले! तो असाच उभा ऱ्हास!" आणि खरं सांगू का? मला पण वाटलं. बाबांना पण वाटलं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पेटी बंदच आली होती ना तुझी. काचेतून तोंड तेवढं दाखवलं, सुजलेलं. दुसऱ्याच कुणाचं असेल ते. होऊ शकतं ना? एवढ्या लोकांत चूक होऊ शकते ना?

सबंध मॅच आम्ही तुला जिवंत पाहिलं, भाऊ. तू अडवत होतास, पडत होतास, उठत होतास. मायने फोनची आरती करायची तेवढी बाकी ठेवली. देवू माझ्या मांडीवर होता. त्याने फोनवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदा बोलला, "बाऊ."

आपण जिंकलो. सगळे गोलवाल्याच्या अंगावर येऊन पडले. मग त्याने टोपी काढली.

गोरा पोरगा, बारीक डोळे, गाल लाल. रडत होता.

माय खाली बसली आणि एकेक गहू वेचायला लागली. किती वेळाने बोलली, "त्यानी टोपी काढाले नको व्हती." त्यानंतर ती फार बोलतच नाही. जेवायला वाढलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते.

तो पोरगा नोरबू. तुझ्याबरोबरचा दुसरा गोली. तू फोनवर सांगायचास ना, "एक नंबर पोरगा आहे, फक्त खाली बसायला उशीर करतो." स्वतःचा शर्ट बाजूला ठेवून त्याने तुझा घातला होता.

आता पुढच्या महिन्यात टीम परत परदेशात चाललीय. त्याआधी नोरबूने बाबांना फोन केला. सुट्टीवर आहे, मायला भेटायला सुरतेला येतो, बोलला. बाबा हो बोलले. माय कोपऱ्यात होती, ऐकत होती. एकदम बोलली, "येऊ दे. देवूले त्याना मांडीवर बसाड."

एवढ्या दिवसांनी बोलली ती हे बोलली. मग तिला नाही कोण बोलणार? सासूबाई पण तयार झाल्या. माझे हे बोलले, "बसू दे ना, चांगला माणूस आहे." सगळ्यांना बरं वाटलं. मीच देवूला उचलून आत गेले.

भाऊ, तो दुसरा आहे. तू बोलला होतास, दुसऱ्या कुणाच्या नाही. मायला मी काय सांगू? परत वस्तरा लागला आणि परत देवूचे डोळे फिरले तर? तुला राग आला असेल तर माझ्यावर काढ. माझ्या पोराला हात लावू नको. देवू तुझाच गोली आहे, पण मला एकच आहे रे!

देवू उठला. बाकीचं नंतर लिहिते.

—

वरचं जावळाआधी लिहिलेलं. आज पुढचं लिहिते. जावळ झालं.

नोरबू आला तो सकाळच्या गाडीने. बाबा आणायला गेले होते, माय आदल्या रात्रीच माझ्याकडे आली होती. एवढा मोठा माणूस, फौजेत आहे तिकडे, पण माझ्या घरी आला तर दारातच उभा. आत येईना. घामाने निथळत होता. आपल्याकडचं ऊन त्याला काय सोसणार? मी पाणी दिलं. त्याने बॅगेतून तुझा शर्ट काढला, घडी केलेला, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"दीदी, ये रख लो. मुझसे नहीं पहना जाता."

मी विचारलं, का?

तो मायकडे बघून हळू आवाजात बोलला. जिंकलेल्या मॅचला, अगदी शेवटी, समोरचा एक जण एकटाच चकती घेऊन त्याच्यावर धावून आला. मध्ये कुणी नाही. नोरबूला काही दिसेना. आणि मागून आवाज आला, "नीचे! नीचे!" तो खाली बसला, चकती पॅडवर आपटली. वाचला.

"मैंने सोचा हमारा कोई लड़का चिल्लाया," तो बोलला. "लेकिन गोली के पीछे कोई नहीं होता, दीदी. सिर्फ जाली होती है."

बाबांनी दुसरीकडे तोंड केलं.

"तब से डर लगता है," नोरबू बोलला. "उसका नाम पहनकर खेल रहा हूँ. वो नाराज तो नहीं है मुझसे?"

एवढा माणूस, आणि मलाच विचारतो! जे मी तुला विचारत होते तेच तो मला विचारत होता. मला कुठे माहीत? पण मी त्याला एक गोष्ट विचारली. तीच मला विचारायची होती, दुसरं काही नाही. मी बोलले, "आवाज कसा होता? चिडलेला होता का?"

तो विचार करत बसला. कपाळावर आठ्या घालून, अगदी मनापासून. मग बोलला, "नहीं. चिढ़ा हुआ नहीं था. वैसा ही था, रोज जैसा. प्रैक्टिस में चिल्लाता था ना, वैसा."

रोज जैसा.

भाऊ, तुला काय सांगू, मी तिथेच खाली बसले आणि रडले. तू गेल्यापासून तुझा रोजचा आवाज मला आठवतच नव्हता. मला आठवायचं ते फक्त "तर बघ".

मग मी नोरबूला बोलले, "अरे, ते त्याचं नाव नाही. त्याचं नाव रवींद्र. भाऊ म्हणजे भाई. बहीण भावाला बोलते ते."

त्याचं तोंड उघडंच राहिलं! त्याला वाटलं होतं ते तुझं लाडाचं घरचं नाव आहे. सगळी टीम तुला भाऊ भाऊ करायची आणि कुणालाच माहीत नव्हतं! "मतलब," तो बोलला, "हम सब इतने दिन उसको भाई बोल रहे थे?" "हो." "और कॅप्टन साब भी? कॅप्टन साब तो उससे दस साल बड़े हैं!" आणि तो हसायला लागला. डोळ्यांत पाणी आणि हसतोय. बाबा पण हसले. हे पण हसले.

माय उठली. तिने त्याच्या हातातून शर्ट घेतला, उलगडला आणि नाकाला लावला. किती वेळ तशीच उभी होती. मला वाटलं, आता नाही देत ती परत. पण तिने तो नोरबूच्या छातीवर ठेवला आणि बोलली, "हाऊ मना आंडोरना वास नही. तुना शे. तू घाल." मग बोलली, "पन खेळनं सरनं का टोपी काढी टाक. तुनं तोंड दिसू दे माले."

मी त्याला हिंदीत सांगितलं. त्याने मायचे पाय धरले. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण डोळे बाहेर गल्लीकडे होते तिचे. अजून बघते ती. आईच आहे, किती लवकर सोडेल?

मग पाट मांडला. नोरबूने तो शर्ट अंगात घातला. तसा आमच्याकडे मामाला द्यायला टोपी-टॉवेल होता, तो तसाच राहिला. देवूला मांडीवर घेतलं. मी समोरच बसले, हात देवूच्या पायावर. सोडायला जमत नव्हतं. न्हावी काका बोलले, "बेन, थोडं मागे सरका, माझा हात लागेल." मी सरकले नाही.

पाणी लावलं. वस्तरा उघडला. मनात एकच, आता डोळे फिरतील, आता अंग ताठ होईल. देवूने नोरबूच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघितलं आणि बोट केलं. "बाऊ."

न्हाव्याचा हात थांबला. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

आणि नोरबू खाली वाकून देवूला बोलला, "हाँ, बोलो!"

त्याला वाटलं देवूने त्यालाच हाक मारली! टीममध्ये आता त्याला सगळे भाऊ बोलतात म्हणे, शर्टावरून. सवय झालीय त्याला. सगळं घर असं हसलं! न्हावी काका हसले, सासूबाई पदरात हसल्या. देवू त्याच्याकडे वळला, त्याचं नाक धरलं, आणि वस्तरा फिरला. सगळे केस उतरेपर्यंत तो नाक धरून बसला होता. रडला नाही. अंग गरम नाही, काही नाही. मी रात्रीपर्यंत किती वेळा कपाळाला हात लावला असेल!

पण त्याने बोट दाराकडे केलं होतं, भाऊ. नोरबूकडे नाही. हसताना सगळे विसरले. मी नाही विसरले.

केस तापीत सोडले. नोरबू गाडीला बसला. जाताना बोलला, "दीदी, मॅच देखना." मी बोलले, बघेन.

आणि आज दुपारी खात्याची लाईट गेली. मशीन बंद पडली, गल्ली चूप झाली. देवू तुरुतुरु दारात गेला, टक्कल चकाकतंय, पाय फाकवले, गुडघे वाकवले, हात उघडला. हसला. "बाऊ."

मी धावलेच. सवय आहे ती. त्याच्यापर्यंत गेले, आणि मग त्याला उचललं नाही. मी त्याच्या बाजूला उंबऱ्यावर बसले, गल्लीकडे तोंड करून. तो बघतो तिकडेच बघितलं. ऊन होतं. हंसाबेनच्या साड्या वाळत होत्या. दुसरं काही दिसलं नाही मला. चाकांचा आवाज आला की नाही, ते मी तुला सांगणार नाही. तुला माहीत असेल.

मी देवूला बोलले, "बाऊ नाही रे. मामा. मी भाऊ बोलते. तू मामा बोल." त्याने माझ्याकडे बघितलं आणि गल्लीला सांगितलं, "मामा."

मग भाऊ, आता ऐक. मला अजून भीती वाटते. ती काही एका जावळाने जात नाही. पण मी तुला शब्द देते. तू दारात आलास तर मी कडी लावणार नाही. देवूला ओढून आत नेणार नाही. तो उभा असेल तोवर मी पण बाजूला बसेन. तू त्याला शिकव काय शिकवायचं ते, पडायचं, उठायचं, अडवायचं.

फक्त उंबऱ्याच्या बाहेरून. आत यायचं नाही, आणि त्याला बाहेर न्यायचं नाही. नेलंस तर बघ हां!

तुझीच,
उज्जी